आधी पडायला शिका

ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) लहानपणी अगदी किरकोळ अंगाचे. वसतिगृहातली दांडगट मुले त्यांना छळत. म्हणून १८७७ मध्ये टोकियोत ते फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू शिकू लागले. रोज आपटून अंग ठणके. मलम चोळून पुन्हा जात. १८८२ मध्ये एका बौद्ध मंदिरात १२ चटयांवर त्यांनी कोदोकान सुरू केले आणि मोकळ्या सरावातून धोकादायक डाव वगळले. ज्युदोत नवख्याला आधी पडणे, म्हणजे 'उकेमी', शिकवतात. घाबरलेला माणूस हात टेकतो आणि मनगट मोडून घेतो. त्याऐवजी हनुवटी छातीशी ओढायची, डोके वाचते. अख्खा हात चटईवर सपाट मारायचा, धक्का पसरतो. कंटाळवाणे आहे खरे, पण सुरुवात बसूनच करावी, उभ्याने नंतर.