माणसाचं अस्वल झालं तर जीव किती धरायचा? हा हिशोब मांडणारा गडी आधी विमा कंपनीत कामाला होता

समजा तुमच्या हातात एक जादूगार आहे. जंगलात राहतो, झाडापाल्याची विद्या जाणतो आणि मनात आलं की अस्वल होतो. समोरून शत्रू आला, याने अस्वलाचं रूप घेतलं. आता शत्रूने तलवार मारली तर जखम कुणाला? अस्वल मेलं तर माणूस मेला का? आणि पंजा मारताना ताकद कुणाची धरायची, अस्वलाची की त्या म्हाताऱ्या जादूगाराची?

आपल्याकडे पुराणकथेत हा प्रश्न कुणी विचारत नाही. राक्षसाने हरणाचं रूप घेतलं, विषय संपला. पण कथा चार जणांनी टेबलाभोवती बसून खेळायची असेल तर आकडा लागतो, नाहीतर भांडणं होतात.

हा आकडा ज्याने छापील नियमात बसवला त्याचं नाव गॅरी गायगॅक्स. स्ट्रेंजर थिंग्जच्या पहिल्याच भागात ती पोरं तळघरात फासे टाकत बसलेली दिसतात ना, तो खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि तो तयार करणाऱ्या दोघांपैकी हा एक. दुसऱ्याचं नाव डेव्ह आर्नेसन. त्याचं नाव पुढे भांडणात येणार आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागोच्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावी राहायला गेलं. तळ्याकाठचं छोटं गाव. पोराला बुद्धिबळाचा नाद आणि स्वस्त मासिकांतल्या तलवारबाजीच्या, जादूटोण्याच्या गोष्टींचा त्याहून जास्त. शाळा त्याने अर्धवट सोडली. मरीन्समध्ये भरती झाला, पण तब्येतीच्या कारणाने लवकरच घरी आला.

पुढे लग्न झालं, मुलं झाली आणि शिकागोत फायरमन्स फंड या विमा कंपनीत अंडररायटरची नोकरी लागली.

या नोकरीकडे जरा थांबून बघायला हवं. अंडररायटर काय करतो? समोरच्याचं वय, धंदा, घर कशाचं बांधलंय हे बघतो आणि धोका किती ते ठरवतो. म्हणजे माणसाच्या आयुष्यात पुढे काय घडेल हे कुणालाच माहीत नसतं, तरी त्याची शक्यता आकड्यात मांडायची आणि त्यावर दर लावायचा. गायगॅक्स दिवसभर हे करायचा आणि रात्री घरी येऊन टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायचा. त्याच्या पुस्तकांत पुढे प्रत्येक गोष्टीला जे तक्ते दिसतात, ते बघताना मला तरी त्या नोकरीची आठवण होतेच.

हे युद्धखेळ म्हणजे काय, ते आपल्या जवळच्या उदाहरणाने समजून घेऊ. भिवंडी तालुक्यातलं अंजूर घ्या. इथले गंगाजी नाईक अंजूरकर इतिहासात ओळखले जातात ते साष्टी-वसई पोर्तुगीजांकडून सोडवावी म्हणून पेशव्यांकडे केलेल्या खटपटीसाठी. त्यानंतर १७३७ ते १७३९ ही चिमाजी अप्पांची मोहीम झाली. आता यावर युद्धखेळ करायचा तर खेळाडू चिमाजी अप्पांच्या जागी बसणार. टेबलावर किल्ला, खाडी, तोफा. एक बाहुली म्हणजे वीस सैनिक. फासा पडला, बाहुली उचलली, वीस माणसं गेली. कोण गेलं, त्याचं नाव काय, काही नाही.

गायगॅक्सने जेफ पेरेनबरोबर लिहिलेला चेनमेल हा खेळ १९७१ मध्ये आला, तो असाच. एका बाहुलीमागे वीस माणसं. पण त्यात एकास एक लढाईचेही नियम होते, आणि शेवटी एक जोडपुरवणी होती, ज्यात ड्रॅगन, जादूगार वगैरे मंडळी घातलेली.

मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने इथून पुढची उडी मारली. त्याने आपल्या खेळाडूंना फौज दिलीच नाही, प्रत्येकाला एकच माणूस दिला. म्हणजे वसईच्या लढाईत तुम्ही चिमाजी अप्पा नाही, तुम्ही गंगाजी नाईक. वाड्यातून निघायचं, कुणाशी बोलायचं, कुणावर भरवसा ठेवायचा, हे सगळं तुम्हीच ठरवायचं.

पण एकच माणूस हातात असला की एक अडचण येते. एका फटक्यात तो मेला तर खेळाडू तासभर नुसता बसून राहतो. मग जहाजांच्या युद्धखेळांत जसं एका गोळ्याने जहाज बुडत नाही, नुकसान मोजत जातात, तसं माणसाचं केलं. त्याला ठराविक हिट पॉइंट द्यायचे, जखमेगणिक कमी करायचे आणि शून्याला माणूस पडला असं धरायचं.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ गायगॅक्सच्या घरी खेळून दाखवला. गायगॅक्स तेव्हा बेकार होता. विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्येच गेली होती, घरात बायको आणि पाच मुलं. गडी घरी बूट दुरुस्त करून संसार ओढत होता आणि उरलेल्या वेळात टाइपरायटर बडवत होता. आर्नेसनचे विस्कळीत कागद आणि स्वतःचे नियम एकत्र करून त्याने खेळाचा मजकूर तयार केला. पहिले खेळाडू घरचेच, त्याचा मुलगा आणि मुलगी.

प्रत्येक पात्राला सहा गुण ठरले. ताकद, चपळाई, दमखम, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. तीन फासे टाकायचे, बेरीज करायची, ३ ते १८ मध्ये जो आकडा येईल तो तुमचा. गंगाजी नाईकांचा असा कागद मी करायला घेतला तर ताकदीला बेताचा आकडा देईन आणि छाप व शहाणपण यांना १६-१७. पुण्याच्या पेशव्याला मोहिमेला तयार करणं हे तलवारीचं काम नव्हे.

खेळ छापायला पैसे नव्हते. १९७३ मध्ये बालमित्र डॉन के याने आपल्या विमा पॉलिसीवर १००० डॉलरचं कर्ज काढलं आणि दोघांनी टीएसआर ही कंपनी काढली. (इथेही विमाच!) नंतर ब्रायन ब्लूम नावाचा तिसरा भागीदार २००० डॉलर घेऊन आला. जानेवारी १९७४ मध्ये १००० पेट्या छापून झाल्या, किंमत १० डॉलर. पेट्या हातानेच भरलेल्या. वर्षभरात सगळ्या संपल्या.

आणि पुढच्याच जानेवारीत डॉन के हार्ट अटॅकने गेला. वय ३६.

त्याचा वाटा कंपनीला मोकळा करून हवा होता आणि गायगॅक्सकडे तेवढे पैसे नव्हते. ब्लूम आणि त्याच्या वडिलांनी पैसे घातले. म्हणजे खेळ गायगॅक्सचा, पुस्तकावर नाव गायगॅक्सचं, पण जास्त शेअर ब्लूम घराण्याकडे. त्या वेळी याचं कुणाला फार वाटलं नाही. धंदा वाढत होता.

आता आपल्या अस्वलाकडे येऊ. ड्रुइड म्हणजे जुन्या केल्ट लोकांचे पुजारी. या खेळात ते आधी नुसते शत्रू म्हणून आले, १९७६ च्या पुरवणीत खेळाडूंना ड्रुइड होता येऊ लागलं. ती मूळ कल्पना डेनिस सस्टेअर या दुसऱ्या खेळाडूची. गायगॅक्सने तिला पक्का आकार दिला तो १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये.

नियम असा होता. ड्रुइड सातव्या लेव्हलला पोहोचला की दिवसातून तीनदा रूप बदलू शकतो. एकदा सरपटणारा प्राणी, एकदा पक्षी, एकदा सस्तन. लहानात लहान बेडकाएवढा, मोठ्यात मोठा काळ्या अस्वलाएवढा. शरीर पूर्ण त्या प्राण्याचं, मन मात्र ड्रुइडचंच. आणि रूप बदलताना जखमा थोड्या भरून येतात. किती? सहा बाजूंचा फासा टाका, आलेल्या आकड्याला दहाने गुणा, तेवढे टक्के.

गंमत इथेच आहे. टक्केवारी एकूण जिवावर नाही, झालेल्या जखमेवर आहे. फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे सरासरी ३५ टक्के. १० पॉइंटची जखम असताना पक्षी झालात तर साधारण साडेतीन पॉइंट परत मिळतात. ४० ची जखम असताना झालात तर १४. म्हणून हुशार खेळाडू घाई करत नाही, मार खाऊन घेतो आणि मग उडतो. फार थांबला तर मात्र मरतो. मधे नवा मार न खाता तिन्ही रूपं लागोपाठ घेतली, तर दर वेळी सरासरी ६५ टक्के जखम उरते. ६५ टक्क्यांचे ६५ टक्के आणि त्याचे पुन्हा ६५ टक्के केले की उरते साधारण २७ टक्के. ४० ची जखम ११ वर येते. हा अगदी अंडररायटरी हिशोब आहे, आज किती सोसायचं आणि दावा कधी लावायचा याचा.

त्याच पुस्तकात ड्रुइडांसाठी आणखी एक नियम होता. वरच्या पदांवर जागा मोजक्या. बाराव्या लेव्हलला नऊ, तेराव्याला चार आणि चौदाव्याला महाड्रुइड एकच. जागा रिकामी नसेल तर बसलेल्याला लढाईत हरवायचं, तरच बढती.

इकडे खऱ्या आयुष्यात भांडणं सुरू झालीच होती. या नव्या पुस्तकांना कंपनीने खेळाची सुधारित, वेगळी आवृत्ती म्हटलं आणि आर्नेसनला त्यातली रॉयल्टी नाकारली. १९७९ मध्ये तो कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. याबाबतीत मी आर्नेसनच्या बाजूचा आहे. नियम छान लिहिणं ही मोठी गोष्ट, पण एकाच माणसाचं आयुष्य खेळायचं ही कल्पना ज्याने टेबलावर आणली त्याला बाहेर ठेवण्याचं कारण पटत नाही.

दुसरीकडे अमेरिकेत ओरड सुरू झाली की हा खेळ सैतानाचा आहे, पोरं बिघडतात. टीव्हीवर चर्चा, चर्चमध्ये भाषणं. गायगॅक्स टीव्हीवर जाऊन बाजू मांडायचा. खप काही कमी झाला नाही.

१९८३ च्या सुमारास तो लॉस एंजेलिसला गेला. खेळावर कार्टून मालिका आली, सिनेमाच्या गप्पा झाल्या. घर मोडलं होतं, पार्ट्या चालू होत्या. तेवढ्यात कळलं की मागे कंपनी साधारण १५ लाख डॉलरच्या कर्जात गेली आहे. तो परत आला, केव्हिन ब्लूमला अध्यक्षपदावरून काढायला लावलं, आपल्या हक्काचे जादा शेअर उचलले आणि १९८५ मध्ये कारभार हातात घेतला. व्यवस्था लावायला लॉरेन विल्यम्स या बाईंना त्यानेच कंपनीत आणलं.

काही महिन्यांत ब्लूम बंधूंनी आपले सगळे शेअर विल्यम्सबाईंना विकले. बहुमत त्यांचं झालं. गायगॅक्स कोर्टात गेला आणि हरला. १९८६ मध्ये त्याने कंपनी सोडली. आपणच केलेल्या खेळासाठी आता तो एक ओळही लिहू शकत नव्हता.

पुढची वीस वर्षं थोडक्यात सांगता येतील. त्याने नवे खेळ काढले, कादंबऱ्या लिहिल्या, पण तसं यश पुन्हा आलं नाही. १९९७ मध्ये टीएसआर बुडायला आली तेव्हा विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली आणि नव्या मालकांनी त्याच्याशी संबंध सुधारले. २००४ मध्ये त्याला पक्षाघाताचे झटके आले. तरी घराच्या अंगणात चाहते येऊन बसायचे, तो फासे काढायचा. ४ मार्च २००८ ला लेक जिनिव्हातच तो वारला. वय ६९.

१९६८ मध्ये त्याने ५० डॉलर भाड्याने गावचा हॉल घेऊन युद्धखेळवाल्यांचं संमेलन भरवलं होतं. तेच आजचं जेन कॉन, आता इंडियानापोलिसला भरतं आणि ७० हजारांवर लोक येतात.

आणि अस्वलाचं काय झालं? ते त्याच्या पश्चात जरा जास्तच माजलं. २०१४ च्या आवृत्तीत अस्वल झालात की अस्वलाचे हिट पॉइंट वेगळे मिळायचे, ते संपले की तुम्ही परत माणूस आणि तुमचे जुने पॉइंट शाबूत. उरलेला मार तेवढा अंगावर यायचा. दुसऱ्या लेव्हलच्या मून ड्रुइडचे स्वतःचे १७ पॉइंट धरा. तपकिरी अस्वलाचे ३४. विश्रांतीआधी दोनदा रूप घेता येतं, म्हणजे १७ अधिक ६८, एकूण ८५. तेवढ्याच दमखमाचा, त्याच लेव्हलचा तलवारबाज २० वर. त्यामुळे ड्रुइड पुढे आणि योद्धा त्याच्या मागे लपलेला, असं दृश्य टेबलावर दिसायचं.

२०२४ मध्ये हे बदललं. आता रूप घेतलं तरी हिट पॉइंट आपलेच राहतात, वर लेव्हलइतके तात्पुरते मिळतात, मून ड्रुइडला तिप्पट. तिसऱ्या लेव्हलला ९. ताकद, चपळाई, दमखम अजूनही प्राण्याचंच घ्यायचं. बुद्धी, शहाणपण आणि छाप मात्र १९७८ प्रमाणेच ज्याची त्याची.