झाकण का फडफडतंय?

फॉर्म्युला वन बघणाऱ्या मित्राला विचारा, त्या पपईच्या रंगाच्या गाड्या कुणाच्या? मॅकलारेनच्या, असं तो लगेच सांगेल. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, हे किती जणांना माहीत असतं?

ब्रूस मॅकलारेन. जन्म १९३७, न्यूझीलंडमधलं ऑकलंड. वडिलांचं गॅरेज होतं. नवव्या वर्षी खुब्याचा पर्थेस आजार झाला, दोनेक वर्षं उपचारांत गेली आणि डावा पाय कायमचा आखूड राहिला. तरी शाळकरी वयातच पठ्ठ्या जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन शर्यतीत उतरला. १९५९ मध्ये सेब्रिंगला अमेरिकन ग्रां प्री जिंकली तेव्हा तो फक्त २२ वर्षांचा होता. (शेवटच्या लॅपमध्ये पुढे असलेल्या जॅक ब्रॅबमचं पेट्रोल संपलं होतं, हेही सांगायला हवं.) सर्वांत तरुण ग्रां प्री विजेता हा त्याचा मान २००३ पर्यंत टिकला. १९६३ मध्ये त्याने स्वतःची टीम काढली.

पण मला तो आवडतो तो सरावातल्या डोक्यासाठी. सरावाचा टाइम फसवा असतो, बरं का. टाकीत पेट्रोल कमी आणि टायर नवे असले की कुठलीही गाडी एका लॅपपुरती भारी वाटते. खरं विचारायचं ते वेगळंच. दहा लॅपनंतरही तोच टाइम येतोय का? वळणावर नाक बाहेर पळतंय, की मागची चाकं सुटतायत? नाक पळत असेल तर पुढची पकड कमी, मागचं सुटत असेल तर मागची. ब्रूस इंजिनिअरिंग शिकलेला ड्रायव्हर होता, त्यामुळे सीटखाली जे जाणवायचं त्याचं कारणही तो शोधायचा.

एकदा चाचणीत पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण फडफडायला लागलं. नीट लावलं नाही म्हणून आधी त्याला रागच आला. मग लक्षात आलं, वेग वाढला की हवेने झाकण दाबलं जायला हवं, इथे तर ते जास्तच उडतंय! म्हणजे वरच्यापेक्षा खाली हवेचा दाब जास्त, ती आत कोंडतेय. तो पिटमध्ये आला, कात्री घेतली आणि रेडिएटरमागचा पत्रा सरळ कापला. परत ट्रॅकवर गेला तर लॅपचा टाइम लगेच सुधारला. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर.

१९६६ मध्ये ख्रिस एमनबरोबर ल मां जिंकली. १९६८ मध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून बेल्जियन ग्रां प्री. १९६९ च्या कॅन-ॲम मालिकेतल्या ११ पैकी ११ शर्यती त्याच्या टीमच्या.

२ जून १९७० ला तो इंग्लंडमधल्या गुडवुडला नवी कॅन-ॲम गाडी तपासत होता. शर्यत नव्हती, नेहमीचीच चाचणी. वेगात मागचं बॉडीवर्क उडालं, गाडी सुटली आणि ब्रूस गेला. वय ३२. बाराच दिवसांनी कॅनडात मॉसपोर्टला त्याची टीम शर्यतीला उभी राहिली. त्याच्या जागी डॅन गर्नी बसला होता, आणि तो जिंकला.