भास्कराचार्य आणि ‘जवळपास’चं गणित

लॅबमध्ये ०.१ + ०.२ ची बेरीज सतरा घरांपर्यंत छापून बघा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं! कॉम्प्युटर सगळं ० आणि १ मध्ये लिहितो. त्यात ०.१ पूर्ण मावतच नाही, म्हणून तो जवळचा आकडा धरतो. हे शिकताना मला भास्कराचार्य आठवतात.

जन्म १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड, वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ त्यातलीच. तिथे परीघ काढायला त्यांनी दोन गुणोत्तरं दिली: सूक्ष्म हवं तर ३९२७/१२५०, रोजच्या कामाला २२/७. म्हणजे किती चूक चालेल, हे आधी ठरवा!

पूर्ण वर्गमूळ निघत नसेल तर? संख्येला मोठ्या वर्गाने गुणा, मूळ काढा, मग भागा. सव्वातीनच्या दोन बाजूंचा कर्ण त्यांनी ३६७७/८०० काढला, म्हणजे ४.५९६२५. खरा ४.५९६१९. मोठा वर्ग घ्या, चूक आणखी कमी. आपण बिट वाढवतो, ते हेच.

शून्याने भागल्यावर येणाऱ्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही. आपला कॉम्प्युटरही १.० ला ० ने भागलं की ‘अनंत’च सांगतो. मात्र शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागलं तर मूळ संख्या परत मिळते, असं ते मानत. इथे आजचं गणित त्यांच्याशी सहमत नाही.

एवढ्याशा चुकीने काय होतं? आपल्या गोंदियाचंच घ्या. काट्यावर १०० ग्रॅमच्या खालचं वजन दरवेळी सोडलं, तर कट्ट्यामागे सरासरी ५० ग्रॅम जातात. हजार कट्ट्यांत शेतकऱ्याचं ५० किलो धान गेलं! १९९१ च्या आखाती युद्धात पेट्रियट यंत्रणेचं घड्याळ ०.१ सेकंद असंच तोडून मोजत होतं. १०० तासांत ०.३४ सेकंदांचा फरक पडला, येणारं क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक गेले.

भास्कराचार्यांनी ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, पंचांगकर्त्यांसाठी सुटसुटीत ‘करणकुतूहल’ लिहिला. नातू चांगदेवांनी त्यांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तो शिलालेख आजही आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस चाळीसगावला थांबते. सुट्टीत जाऊन या!