ड्यूररचे ठसे आणि कलावंताचे स्वातंत्र्य

ग्रंथांतील छापील चित्रांना कलेच्या प्रांतात नेहमीच दुय्यम मान मिळत आला आहे. एका ठशावरून शेकडो प्रती निघतात, तेव्हा त्यांत अपूर्वाई ती कसली, अशी त्यामागील समजूत. परंतु बायबलमधील प्रसंगांची पंधराव्या शतकातील काष्ठचित्रे संग्रहालयात पाहताना, विशेषतः अल्ब्रेख्त ड्यूरर याच्या चित्रांपुढे, ही समजूत टिकत नाही.

ड्यूररचा जन्म १४७१ साली न्यूरेंबर्ग या जर्मन नगरात एका सोनाराच्या घरी झाला. धातूवरील कोरीव काम तो पित्याकडे शिकला. १४८६ पासून त्याने मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारी केली. त्याचा धर्मपिता अँटोन कोबर्गर हा त्या काळचा मोठा मुद्रक. त्याने १४८३ मध्ये सचित्र जर्मन बायबल छापले होते. कला आणि बाजारपेठ यांचे नाते ड्यूररला असे लहानपणीच परिचित झाले.

१४९८ साली, तिशीही गाठली नसताना, त्याने बायबलातील 'प्रकटीकरण' या अखेरच्या पुस्तकावर पंधरा काष्ठचित्रांचा ग्रंथ लॅटिन व जर्मन भाषांत काढला. त्यापूर्वीची छापील चित्रे बहुधा हाताने रंगविली जात; ड्यूररने केवळ काळ्या रेषांतून छायाप्रकाश उभा केला. त्यातील चार घोडेस्वारांच्या टापांखाली सामान्य जन तुडविले जातात आणि मुकुटधारीही सुटत नाही. विशेष म्हणजे या ग्रंथाचा प्रकाशक तो स्वतःच होता.

या गोष्टीचे आर्थिक महत्त्व मोठे आहे. चित्रकार तोवर मुख्यतः धनिकांच्या वा चर्चच्या मागणीवर जगत असे. ड्यूररला एका आश्रयदात्याऐवजी अनेक लहान ग्राहक मिळाले. त्याची पत्नी अ‍ॅग्नेस फ्रँकफुर्टच्या जत्रेत चित्रांच्या प्रती विकी. याकोब हेलर या व्यापाऱ्यासाठी वेदीचित्र रंगविताना मोबदल्यावरून वाद झाला, तेव्हा ठशांच्या कामातच अधिक प्राप्ती झाली असती, असे त्याने त्याला कळविले.

मात्र जे छापता येते त्याची नक्कलही करता येते. इटलीत मार्कांतोनियो राइमोंडी याने त्याच्या चित्रांच्या नकला काढल्या. १५११ च्या आवृत्त्यांत ड्यूररने सम्राट मॅक्सिमिलियनच्या अधिकारपत्राचा आधार घेऊन नक्कल करणाऱ्यांना ताकीद दिली. श्रमाचे फळ श्रमणाऱ्यालाच मिळावे, हाच त्या ताकिदीचा अर्थ होय.

हे स्वातंत्र्य पूर्ण होते असे मात्र नव्हे. १५१५ पासून सम्राटाने त्याला वर्षाला शंभर गिल्डरांचे वेतन दिले. सम्राट १५१९ मध्ये वारल्यावर ते चालू राहावे म्हणून १५२० साली त्याला नेदरलँड्सचा प्रवास करावा लागला. १५२८ मध्ये तो निधन पावला.

तरीही एक गोष्ट त्याने सिद्ध केली. कलाकृती अनेकांच्या हाती गेल्याने तिचे मोल घटत नाही. धोका असतो तो निर्मात्याचा हक्क बुडण्यात. नक्कल करणे कधी नव्हते इतके सोपे झालेल्या आजच्या काळात हा भेद ओळखणे अधिकच अगत्याचे आहे.