पोटापुरते म्हणजे किती?

परवा भाचा पेढे घेऊन आला. नव्या नोकरीत पगार जवळजवळ दुप्पट. स्वारी खुशीत असायला हवी होती, पण गप्पगप्पच. निघताना दारात म्हणाला, मामा, एवढे मिळाले की बस्स असे वाटायचे. आता वाटते, आणखी हवे. मला चटकन उत्तर सुचले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले ते आगरकर.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म 1856 सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी अशी, की शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगात एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा, असे सांगतात. एम. ए. झालेल्या तरुणाला तेव्हा सरकारी नोकरीची दारे उघडी असत. आईचीही तीच आशा. पण आगरकरांनी तिला पत्राने कळवले, की मोठ्या पगाराची स्वप्ने पाहू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी सारा वेळ लोकांसाठी देणार आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण एवढेच वाचले. खरी गोष्ट पुढे आहे.

1881 मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले, 'केसरी'चे संपादक झाले आणि 1882 मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. दरम्यान संसार वाढला आणि दमाही बळावला. मग ज्या आगरकरांनी आईला तसे लिहिले होते, तेच सोसायटीतल्या मंडळींच्या पगारवाढीच्या बाजूने उभे राहिले. टिळकांचा विरोध होता. त्याग हेच संस्थेचे भांडवल, असे त्यांचे म्हणणे. सामाजिक सुधारणांवरून दोघांत बिनसले होतेच, त्यात पैशाची भर पडली. आगरकरांनी 'केसरी' सोडून 1888 मध्ये 'सुधारक' काढला, टिळकांनी 1890 मध्ये सोसायटी सोडली. जिवलग मैत्री गेली.

पूर्वी हे वाचून मी खट्टू झालो होतो. आज वाटते, यात आगरकरांचे काही चुकले नाही. पोटापुरते हा कायमचा आकडा नव्हेच. एकट्याचे पोट वेगळे. बायकोमुले आणि औषधपाणी आले, की तो आकडा बदलतो. ते मागायला त्यांना लाज वाटली नाही. त्यांच्या ध्येयाची किंमत घरात यशोदाबाईही मोजत होत्या, हे विसरून कसे चालेल?

मात्र पगार वाढावा म्हणणाऱ्या आगरकरांनी काम बदलले नाही. 1892 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि दम्याने बेजार असतानाही लिहीत राहिले. 17 जून 1895 रोजी, वयाच्या अवघ्या 38 व्या वर्षी ते गेले. कुणावर भार नको म्हणून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवले होते, असे सांगतात. दुरावलेल्या टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

पैसा काळजी मिटवतो, आणि ती मिटलीच पाहिजे. पण काळजी मिटल्यावर उरलेल्या दिवसाचे काय करायचे, ते पगाराच्या पाकिटात लिहिलेले नसते. येत्या रविवारी भाच्याला जेवायला बोलावले आहे. आणखी किती, हे विचारणार नाही. आणखी कशासाठी, एवढेच विचारणार आहे.