मिस फरार : सावित्रीमाईंच्या शिक्षिका



आमच्या मुरुमला वंदना झाल्यावर लहान मुलामुलींना सावित्रीमाईंची गोष्ट सांगितली, की एक प्रश्न हमखास येतो. सावित्रीमाईंनी सगळ्यांना शिकवले, मग त्यांना कोणी शिकवले? घरी जोतीरावांनी शिकवले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण शिक्षिका होण्याचे शिक्षण त्यांनी पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत घेतले. या फरारबाई ख्रिस्ती मिशनरी होत्या. बौद्धांच्या पाक्षिकात त्यांचे चरित्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत वाचा आणि मग तुम्हीच ठरवा.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो या गावी झाला. तरुणपणी त्या शाळेत शिकवीत. १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत काम करीत होते. १८२४ साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. या कामावर देखरेख करायला एक जाणती शिक्षिका हवी होती. त्या काळी मिशनरी पुरुषांच्या बायका नवऱ्याबरोबर परदेशी जात. लग्न न झालेल्या बाईला धाडण्याची रीत नव्हती. तरी १८२७ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी फरारबाई निघाल्या. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी हिंदुस्थानात पोहोचे. त्या वर्षाच्या अखेरीस त्या मुंबईला उतरल्या.

त्या वेळचा आपला समाज डोळ्यांसमोर आणा. मुलीच्या हाती अक्षर आले तर ती विधवा होते, अशी समजूत होती. शिकवायला बाई मिळत नसे, कारण शिकलेली बाईच नव्हती. अस्पृश्याच्या पोराला तर पंतोजीच्या ओट्याला शिवायची बंदी होती. अशा मुलखात या परक्या बाईने मराठी शिकून घेतली आणि घरोघरच्या मुली शाळेत आणल्या. मुलखाची हवा मानवली नाही. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना मायदेशी जावे लागले. पण तिथे त्या राहिल्या नाहीत. १८३९ साली परत आल्या आणि अहमदनगरला मुलींच्या शाळांचे काम हाती घेतले. १८६२ साली तिथेच त्यांचा अंत झाला.

याच शाळा जोतीरावांनी पाहिल्या. त्यांचे एक मित्र अहमदनगरला होते. त्यांच्याकडे गेले असता फरारबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुली त्यांच्या दृष्टीस पडल्या. मनात आले, परदेशची बाई आमच्या मुलींना शिकवते आणि आम्ही आमच्या घरात त्यांना अडाणी ठेवतो! पुण्यास परतल्यावर १८४८ साली जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. या भेटीचा आपल्यावर परिणाम झाला, हे त्यांनी स्वतः पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. उपकार लपवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आता दुसरी बाजूही पाहा. मुली वाचायला शिकल्या म्हणजे बायबल वाचतील आणि ख्रिस्ती होतील, असा मिशनचा हिशेब होता. वर्गात बायबलचा पाठ असे. फरारबाईंनी ते काम श्रद्धेने केले, त्यात लपवाछपवी केली नाही. जोतीरावांनी त्यांच्यापासून शिक्षणाचा धडा घेतला, पण बाप्तिस्मा घेतला नाही. आपल्या बाबासाहेबांनीही तेच केले. १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हा ख्रिस्ती मंडळींनीही त्यांना आपल्याकडे बोलावले. बाबासाहेबांनी सगळे धर्म तपासले. इथल्या ख्रिस्ती समाजात जात तशीच राहिलेली त्यांनी पाहिली. एकवीस वर्षे विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरास बुद्धाला शरण जाण्याचा मार्ग घेतला आणि जोतीरावांना आपले गुरू मानले. गुरूच्या गुरुस्थानी असलेल्या बाईला आपण विसरावे काय?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला ज्ञानोदय हे पत्र सुरू केले. १८५५ साली त्यात जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. ज्यांना वेद वाचायची बंदी आहे, त्या आम्हा मांग-महारांचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या पोरीने देवाला आणि जगाला विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकशे एक वर्षे लागली. प्रश्न विचारायला अक्षर लागले आणि उत्तर द्यायला बाबासाहेब लागले.

भगवान बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी वेगवेगळ्या वाटांनी पाठवले होते. अशोकाची मुलगी संघमित्रा धम्मासाठी समुद्र ओलांडून सिंहलद्वीपाला गेली. धम्म सांगायला दूर जाण्याची परंपरा आपलीच आहे. मग परक्या बाईने चौतीस वर्षांत जे केले, त्यातले थोडे तरी आपण आपल्या वस्तीत का करू नये? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. आपल्या आज्यांना शाळेचे दार दिसले नाही. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढून बाबासाहेबांनी आपल्यासाठी ते दार उघडले.

म्हणून उपासक-उपासिकांनो, तुम्ही नुकतीच दीक्षा घेतली असेल तर एवढे करा. ऊसतोडीला जाताना मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळायला बरोबर नेऊ नका. सातवी-आठवी झाली की तिचे लग्न ठरवू नका. घरात कोणी पदवीधर असेल तर त्याने आठवड्यातून दोन तास विहारात बसून पोरांना शिकवावे. देव्हारा काढलात, ते बरे केलेत. तिथे बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी मुलीची वह्या-पुस्तकेही असू द्या.

भवतु सब्ब मंगलं.