पहिल्या मिनिटाची परीक्षा : डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार

उमरखेडच्या एखाद्या गल्लीत काय किंवा न्यूयॉर्कच्या रुग्णालयात काय, मूल रडले की बाहेर ताटकळणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण जे रडतच नाही त्याचे काय? १९५० पूर्वी मोठ्या रुग्णालयांतूनही सारे लक्ष आईकडे असे. निळे पडलेले, धापा टाकणारे मूल पुष्कळदा बाजूला ठेवले जाई. ही रीत मोडली ती डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी.

त्यांचा जन्म ७ जून १९०९ चा, अमेरिकेतील वेस्टफील्ड गावचा. एक भाऊ बालपणीच क्षयाने गेला. १९३३ साली कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. ओढा शस्त्रक्रियेकडे होता. परंतु स्त्रीचा त्यात निभाव लागणे कठीण, असे वरिष्ठांनी सुचविले आणि त्या भूलशास्त्राकडे वळल्या. सल्ला अन्यायाचाच होता. मात्र त्यामुळेच त्या प्रसूतिगृहात पोहोचल्या.

१९५२ मध्ये त्यांनी एक साधी पद्धत मांडली. पुढील वर्षी ती छापून आली. जन्मानंतर एका मिनिटाने पाच गोष्टी पाहायच्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि कातडीचा रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. आम्हां विद्यार्थ्यांना गुणपत्रिकेचा धाक ठाऊकच आहे! पण येथे खरी परीक्षा होती डॉक्टरांची. गुण द्यायचे तर मुलाकडे पाहावेच लागे, आणि गुण कमी दिसले की हातपाय हलवावे लागत.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. डॉ. हॉलडे व डॉ. जेम्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नवजात मुलांचे रक्त तपासले. कमी गुणांच्या मुलांच्या रक्तात प्राणवायू कमी व आम्लता जास्त आढळली. आईला दिलेल्या सायक्लोप्रोपेन या भुलीच्या वायूने मुलाचा श्वास मंदावतो, हेही दिसून आले. हा वायू त्यांच्या स्वतःच्या आवडीचा. तरी निष्कर्ष त्यांनी दडवला नाही. मला त्यांचा मोठेपणा येथे अधिक वाटतो.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा श्वासविकार मात्र या गुणांत मावत नाही. पहिल्या मिनिटाला बरे गुण मिळवलेले मूलही काही तासांत कण्हू लागते. त्याचे कारण १९५९ साली बॉस्टनमध्ये डॉ. मेरी एलन एव्हरी व डॉ. जेरे मीड यांनी दाखविले : फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थच अशा मुलांत पुरेसा नसतो. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइड देण्याचा उपाय सिद्ध केला. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी तो पदार्थच मुलांच्या फुप्फुसांत घातला. आपल्या विदर्भातही, गडचिरोलीच्या खेड्यांत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना गुदमरलेल्या नवजाताला श्वास द्यायला शिकविले.

१९५९ पासून अ‍ॅपगार जन्मजात व्यंगांच्या कामाला लागल्या. ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्या निवर्तल्या. त्यांना तंतुवाद्ये वाजविण्याचा आणि घडविण्याचाही नाद होता. रुग्णालयातील टेलिफोनच्या खोलीतली एक फळी व्हायोलाच्या पाठीला उत्तम, असे ठरले. मग एका रात्री मैत्रिणीने ती बदलून आणली आणि प्राध्यापकबाई बाहेर पहाऱ्यावर उभ्या राहिल्या.